अकराव्या पानावरचं नाव

अन्याय झाला तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी भिसी चालवणाऱ्या मावशीवर. कधी झाला? शुक्रवारी दुपारी, चार वाजून दहा मिनिटांनी. तिची खोली पाडली ती नंतर, एका मंगळवारी सकाळी पावणेअकराला, आणि गल्लीत कुणालाही विचारलंत तर तो मंगळवारच सांगतील. मंगळवारी मशीन आलं होतं, पोलीस होते, धूळ होती. मंगळवार सगळ्यांना दिसला. शुक्रवारी फक्त मावशी होती, मी होते, आणि माझ्या मोबाइलवर उमटलेलं एक शून्य होतं.

ज्या कार्यालयाने पाडायच्या बांधकामांची यादी काढली त्याचं नाव मी लिहीत नाही. एकाचं नाव लिहिलं की बाकीची कार्यालयं आपण सुटलो अशा तोऱ्यात वागतात. मावशीचंही लिहीत नाही. तिचं नाव एकदा छापून झालंय, तेवढं पुरे.

बाहेरच्या माणसांसाठी सांगते. भिसी म्हणजे लूमवर, यंत्रमागावर, काम करणाऱ्या परगावच्या माणसांची खानावळ. पाटी नाही, टेबलखुर्च्या नाहीत. एक खोली, दोन मोठ्या शेगड्या आणि ठरलेली माणसं. दिवसपाळीची जेवून गेली की रातपाळीची उठून येतात. ज्याचं त्याचं स्टीलचं ताट भिंतीवर खिळ्याला टांगलेलं असतं आणि ताटाच्या काठावर ठोकून काढलेली एक खूण असते. मावशीकडे कुणाचा मासा होता, कुणाचे तीन ठिपके, कुणाचा चांद, कुणाची नुसती आडवी रेघ. नावं लिहून उपयोग नसायचा. एकाच जिल्ह्यातून आलेली, सारख्याच नावाची तीन-तीन माणसं तिच्याकडे जेवायची आणि मावशीला वाचता येत नव्हतं. पण कुठल्या खुणेला तिखट चालत नाही, कुठल्या खुणेच्या घरी मुलगी झाली म्हणून आज तो दोन घास जास्त खाणार, हे तिला पाठ. रमजानात रोजेवाल्यांची ताटं ती वेगळी झाकून ठेवायची आणि बाकीच्यांना म्हणायची, हळू आवाजात जेवा.

ती अंबाडीच्या पुढच्या एका खेड्यातली. नवरा सायझिंगमध्ये, सुताला खळ लावायच्या कारखान्यात, कामाला होता. तो गेल्यावर भावाने गावी बोलावलं, ती गेली नाही. खोली स्वतःच्या नावावर करून घेतली आणि भिसी सुरू केली. आमचं घर तिच्या बरोबर समोर, वरच्या मजल्यावर. मी शाळेत जायला निघाले की ती खालून विचारायची, खाल्लंस काय गो? मी हो म्हटलं तरी हातात भाकरीचा तुकडा यायचाच. मोठी झाले, कॉलेज झालं, पत्रकं वाटायला लागले, तरी तुकडा चालूच. फक्त प्रश्न बदलला. आता ती विचारायची, आज कोनाशी भांडून आलीस?

भांडायला मी शिकले ते आमच्या गटात. गट म्हणजे आम्ही सहाजण. त्यातले सर्वांत वडीलधारे एक निवृत्त शिक्षक, त्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो. पत्रक कसं लिहायचं ते त्यांनी मला शिकवलं. अर्ध्या पानात बसलं पाहिजे. लूमवरचा माणूस उभ्या उभ्या वाचू शकला पाहिजे. आणि पत्रकात ‘बहुधा’ लिहायचं नाही, ‘असं दिसतं’ लिहायचं नाही. सर म्हणायचे, “तू ‘बहुधा’ लिहिलंस ना, की ते तुला तिथेच धरतात. ठाम लिही, नाहीतर लिहू नकोस.” मी ठाम लिहायला शिकले. इतकी शिकले की नंतर मला दुसरं काही येईना.

आमचं मुख्य भांडण होतं माहितीसाठी. सरकारी कार्यालयांनी कुणी मागायची वाट न बघता आपली माहिती लोकांसमोर ठेवावी, असं माहिती अधिकाराच्या कायद्यातच लिहिलंय. कलम चार. आमच्या गटात ते कलम सगळ्यांना तोंडपाठ. त्या कार्यालयाचं संकेतस्थळ मात्र उघडून बघावं असं होतं. वर एक सरकती पट्टी, तीत नागरिकांचं हार्दिक स्वागत. खाली साहेबांचे फोटो, त्यातले दोन साहेब बदलून गेलेले. ‘नवीन’ असं लुकलुकणारं लाल अक्षर ज्या सूचनेपुढे होतं, ती सूचना आधीच्या पावसाळ्याच्या नालेसफाईची. तक्रार नोंदवायची खिडकी होती. तक्रार लिहिली की पान पुन्हा कोरं व्हायचं आणि आपण विचार करत बसायचं, गेली की पुसली.

रस्ता रुंदीकरणाची यादी निघाली तेव्हा ती आत, पहिल्या मजल्यावर, काचेच्या फलकात लावली. फलकावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा बॅनर लटकत होता, त्यामुळे अर्धी यादी वाढदिवसाखाली. बाधित बांधकामांची नावं त्यात होती. ज्यांची नावं असतील त्यांनी पंधरा दिवसांत आपले कागद नेऊन दाखवायचे. दाखवले, पटले, तर पर्यायी खोली. नाही दाखवले तर काहीच नाही. आता लूमवरचा माणूस पाळी सोडून पहिल्या मजल्यावर काचेत डोकं घालायला जाणार आहे का? भिसीवाली शेगडी सोडून जाणार आहे का? आम्ही पत्रक काढलं: यादी संकेतस्थळावर टाका. मराठीत, हिंदीत, उर्दूत. अर्ज केला, स्मरणपत्र दिलं, तीन दुपारी कार्यालयाच्या जिन्यावर बसलो. आणि जिंकलो. यादी संकेतस्थळावर आली, आणि पंधरा दिवस त्या दिवसापासून नव्याने मोजायचं ठरलं. सरांनी सगळ्यांना चहा पाजला. मी त्या पानाचा फोटो काढून स्टेटसला ठेवला.

त्याच आठवड्यातला तो शुक्रवार. शुक्रवारी आमच्याकडे लूम बंद. सहा दिवस कानात खटखट असते, त्यामुळे शुक्रवारी दुपारी गल्ली आजारी पडल्यासारखी शांत वाटते. मावशी उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती. मला हाक मारून तिने खाली बोलावलं. दोन माणसं टेप घेऊन आली होती, कोपरा मोजून गेली, काही बोलली नाहीत, असं तिने सांगितलं. तिच्या खोलीचा कोपरा गल्लीच्या रेषेतून हातभर पुढे आला होता, हे तिलाही ठाऊक होतं. शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत तिने कागद काढूनच ठेवले होते. लाइटबिलं, रेशनकार्ड, नवऱ्याच्या वेळची घरपट्टीची पावती. उद्या कार्यालयात जायचं म्हणून एका पोरीला पोळ्या लाटायला सांगूनही ठेवलं होतं.

“पन आदी तू बग,” ती म्हणाली. “तुमी त्या मोबाइलवर आनलाव ना यादी? माझा नाव हाय का न्हाय, येवढाच सांग.”

मी यादी उघडली. फाइल जड, उघडायला वेळ लागला. पानं तिरकी, काही आडवी, अक्षरं बारीक. मी शोधायच्या चौकटीत तिचं नाव लिहिलं आणि बटण दाबलं. शून्य. आडनाव लिहिलं. शून्य. नवऱ्याचं नाव लिहिलं. शून्य.

“नाही,” मी म्हणाले.

“न्हाय म्हंजे न्हाय ना?”

“नाही मावशी. एक पण नाही. मी बघितलं ना.”

तिने पिशवी उचलली, आत जाऊन ट्रंकेत ठेवली आणि ट्रंकेवर तांदळाचं पोतं ठेवलं. पोळ्यांच्या पोरीला हाक मारून सांगितलं, उद्या येव नको. मग माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. नक्की वेळ मला माहीत आहे, कारण तो शून्याचा फोटो मी काढून ठेवला होता, गटात पाठवायला. त्या फोटोवर वेळ आहे.

आता काय झालं होतं ते सांगते, सरळ. ती यादी म्हणजे कागदांचे काढलेले फोटो होते, एकापुढे एक लावलेले. तुम्हा-आम्हाला त्यात अक्षरं दिसतात. शोधणाऱ्या चौकटीला नुसतं चित्र दिसतं. त्या यादीत मी कुणाचंही नाव टाकलं असतं, अगदी पहिल्या पानावर पहिल्या ओळीत असलेलं टाकलं असतं, तरी शून्यच आलं असतं. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. कॉलेजात याचा एक तास झाला होता. पण यादी आम्ही भांडून आणलेली. ती आमची यादी होती. आमची यादी मला फसवेल असं डोक्यात आलं नाही.

मी तिथे थांबले असते तरी एका बाईपुरतं झालं असतं. मी त्याच संध्याकाळी चौकटीत गल्लीचं नाव टाकलं, तिथेही शून्य आलं, आणि पत्रक लिहिलं. ‘आपल्या गल्लीतलं एकही घर यादीत नाही. अफवांवर विश्वास ठेवू नका.’ सरांनी छापायला देण्याआधी विचारलं, “सगळी पानं बघितलीस?” मी हो म्हणाले. माझ्या हिशेबाने शून्य म्हणजे सगळी पानं. सरांनी ‘अफवांवर’ या शब्दाखाली जाड रेघ मारली आणि पत्रक गेलं. रविवारी मी स्वतः ते भिसीच्या दारावर चिकटवलं. कार्यालयातून आलेल्या कागदावर आमच्या गल्लीत कुणाचा विश्वास नाही. आमच्या पत्रकावर होता.

पंधरा दिवस गेले. गल्लीत कुणाला काही झालं नाही, कारण बाकी कुणाचं घर खरंच त्या यादीत नव्हतं. कोपरा एकच होता.

पुढे अपात्र ठरलेल्यांची यादी संकेतस्थळावर आली. ती बहुतेक दुसऱ्या कुणीतरी तयार केली असावी, कारण ती नीट टाइप केलेली होती, अक्षरं अक्षरं होती, सरळ होती. मी दुसऱ्याच कामासाठी तिच्यात आमच्या भागाचं नाव शोधत होते. एक निकाल आला. त्या ओळीत मावशीचं पूर्ण नाव, खोली नंबर, आणि शेवटच्या रकान्यात ‘विहित मुदतीत कागदपत्रे सादर केली नाहीत’.

मग मी पहिली यादी उघडली. डोळ्यांनी वाचायला बसले. मोबाइल आडवा करत, उलटा करत, बोट ठेवून, एकेक ओळ. अकरावं पान. वरून सातवी ओळ. नाव बरोबर, नवऱ्याचं बरोबर, आडनाव बरोबर. सगळं वाचायला मला पस्तीस मिनिटं लागली. शुक्रवारी माझ्याकडे पस्तीस मिनिटं होती. मला काही काम नव्हतं.

तेव्हाच्या तेव्हा जिना उतरून समोरच्या दारात जायला हवं होतं. मी गेले नाही. मी कार्यालयात गेले. मनाला सांगितलं, आधी सोडवून घेऊ, मग सांगू. खरी गोष्ट ही की मी भ्याले होते.

खिडकीमागचा लिपिक मला ओळखत होता. जिन्यावर बसायचो तेव्हा आम्हाला ओलांडून जेवायला जायचा, जाताना ‘या मॅडम, जेवायला’ असं म्हणायचा. मी त्याला सांगितलं की यादीत शोधता येत नव्हतं, फोटो होते ते. त्याने नाकारलं नाही. म्हणाला, यंत्रावर असंच निघतं, ज्याला नीट करता येतं त्याचं कंत्राट संपलंय. मग उठला, कपाटातून एक फाइल काढली, आणि फाइलीतून आमचं पत्रक काढून माझ्यासमोर ठेवलं. भोकं पाडून, क्रमांक टाकून व्यवस्थित लावलेलं.

“एकही घर यादीत नाही, हे मी नाही छापलं, मॅडम,” तो म्हणाला. “अफवांवर विश्वास ठेवू नका, हेही तुम्हीच लिहिलंय.”

त्याला टोमणा मारायचा हक्क होता. त्यानेच मग अपिलाचा नमुना दिला, कुठे सही घ्यायची ते दाखवलं, आणि जरा हळू आवाजात म्हणाला, की लवकर करा.

मावशी पीठ मळत होती. मी सांगितलं. दारात उभी राहून, सगळं एका दमात, पत्रकात लिहावं तसं. ती मळत राहिली. मग हात धुतले, पुसले आणि म्हणाली, दाखव.

“तुला वाचता नाही ना येत, मावशी.”

“दाखव तरी. कुठं हाय?”

मी अकरावं पान उघडलं, मोठं केलं, तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. तिच्या नखातल्या पिठाचा बारीक कण काचेवर राहिला. ती बराच वेळ बघत होती. ताटांच्या खुणा ओळखणारे डोळे होते ते. वाचता येत नसलं तरी एकदा पाहिलेलं विसरत नसत.

“ह्या माझा नाव?”

“हो.”

“येवढा मोठा लिवलाय,” ती म्हणाली. “आनि तुला दिसला न्हाय.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती असं म्हणाली जणू माझ्या डोळ्यांना काही झालंय आणि त्याची तिला काळजी वाटतेय. मग पुन्हा परातीकडे वळली. दिवसपाळीची माणसं यायची वेळ झाली होती.

अपील केलं. ट्रंकेवरचं पोतं मी सरकवलं. सगळे कागद होते, एकही कमी नव्हता. सुनावणीला सर आले, मी होते, मावशी धुतलेलं लुगडं नेसून आली होती. साहेबांनी कागद पाहिले, चांगले आहेत म्हणाले. मग निकालाचा कागद आला. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: ‘सदर यादी संकेतस्थळावर प्रसिद्ध केलेली असल्याने संबंधितांना पुरेशी सूचना मिळालेली आहे असे मानण्यात येते.’ मानण्यात येते. आम्ही ज्यासाठी जिन्यावर बसलो, तेच तिच्या विरोधात वापरलं. यादी काचेत अडकून राहिली असती तर निदान म्हणता आलं असतं, की बाईने पाहिली कुठून असती?

आणि माझ्या मनातून हे जात नाही की संकेतस्थळ नसतं, आम्ही नसतो, मी नसते, तर शनिवारी ती पोळ्यांच्या पोरीवर शेगडी सोपवून, पिशवी काखेत मारून स्वतः गेली असती. बॅनर वर करून कुणाला तरी वाचायला लावलं असतं. ती जाणारच होती.

मंगळवारी ते पावणेअकराला आले. मावशीला वेळ सांगितली नव्हती, दिवस सांगितला होता. तरी तिने डाळ-भात चढवलाच. मी विचारलं, आज कशाला? ती म्हणाली, त्यांना काय, आज भूक लागायची न्हाय? पथकातला एक माणूस आत आला आणि म्हणाला, आजी, आधी गॅस बंद करा. भात अर्धा शिजला होता. आम्ही दोघींनी तो टोप फडक्याने धरून समोर आमच्या घरी नेला आणि अम्मीच्या शेगडीवर ठेवला. जिन्यात दोनदा थांबलो. खाली मशीन सुरू झालं तेव्हा मावशी आमच्या स्वयंपाकघरात भाताचं शीत दाबून बघत होती. खिडकीशी आली नाही. भिंत पडली तेव्हा ओट्यावरची भांडी हलली. तिने झाकण नीट बसवलं आणि आच कमी केली.

दुपारी माणसं आली. लूमवर बातमी पोचली होती तरी जेवणाच्या वेळेला पाय तिकडेच वळतात. त्यांची ताटं तिने सकाळीच काढून गोणीत भरली होती. गल्लीत उभं राहून तिने एकेक ताट काढलं, काठावर अंगठा फिरवून खूण बघितली आणि ज्याच्या त्याच्या हातात दिलं. भात वाढला, डाळ वाढली. माणसं भिंतीला टेकून, उभ्याने, धुळीत जेवली. आडव्या रेघेच्या ताटाचा एक म्हातारा विणकर होता, पोटाचा आजारी, तो तिला म्हणाला, “मौसी, कल से कहाँ?” तिने त्याच्या ताटात अजून थोडी डाळ वाढली आणि सांगितलं, “गला हुआ चावल माँगना, जहाँ भी जाएगा. शरमाना नहीं.” एवढंच.

ताटं धुऊन प्रत्येकाने आपलं आपल्याबरोबर नेलं. तिन्हीसांजेच्या आधी भाचा टेम्पो घेऊन आला. ट्रंक, दोन शेगड्या, रिकामे टोप. मी टेम्पोपर्यंत गेले. तिने विचारलं, खाल्लंस काय गो? मी नाही म्हणाले. तिच्या हातात द्यायला काही नव्हतं.

मी माफीचं पत्रक लिहिलं. चुकलं ते लिहिलं, कुणाचं चुकलं ते लिहिलं, अर्ध्या पानात. गटाने ते छापू दिलं नाही. म्हणाले, कार्यालय उद्या हेच पुढे करेल, आंदोलनाचं नुकसान होईल. मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, “‘सगळी पानं बघितलीस?’ असं विचारून मी थांबलो. मी स्वतः बघायला हवी होती.” पण छापा असं तेही म्हणाले नाहीत. खूप बोलले मी त्या दिवशी, नको ते बोलले. अजून गटात आहे. काम सोडून कुठे जाणार? पण ते न छापलेलं पत्रक घेऊन मी किती दिवस फिरणार, म्हणून हे लिहिलं.

भातकापणी झाल्यावर मी तिच्या गावी गेले. अंबाडीला उतरून पुढे वडापच्या गाडीने. भावाचं घर मोठं आहे, माणसं चांगली आहेत, माझ्यासाठी खुर्ची आणली. मावशी पडवीत बसली होती, हात मांडीवर ठेवून. तिचे हात रिकामे मी पहिल्यांदा पाहिले. शेगड्या गोठ्याशेजारी उभ्या करून ठेवल्या होत्या, त्यांच्यावर कांद्याची टोपली. भाच्याच्या बायकोने चहा आणला, पोहे आणले. मावशीने बशी हातात घेऊन पोहे बघितले आणि हळूच मला म्हणाली, मीठ कमी हाय, पन बोलायचा न्हाय.

मग ती आडव्या रेघेच्या म्हाताऱ्याबद्दल विचारत राहिली. तो कुठे जेवतो, पोट कसं आहे. मला माहीत नव्हतं. तिची माणसं चार भिश्यांत पांगली होती. मी सांगितलं, बरा आहे. पुन्हा एकदा मी न बघता ठाम बोलले होते, आणि बोलल्या बोलल्या मला ते कळलं. मग म्हणाले, “मला माहीत नाही, मावशी. बघून सांगते.”

“हां, बग,” ती म्हणाली. निघताना गाडीपर्यंत सोडायला आली. वाटेत एवढंच बोलली, “हितं समदी मला बस म्हंतात. दिसभर बस. मी काय बसायला जल्मले?”

म्हाताऱ्याला मी दोन दिवस शोधलं. पोट बिघडलं म्हणून तो मुलुखाला परत गेला होता. ते मी तिला कळवलं. तेही सांगायलाच हवं होतं.

आम्ही आता वेगळी मागणी करतो. यादी संकेतस्थळावर टाका, एवढ्यावर आमचं भागत नाही. यादी अक्षरांत टाका, फोटोत नको. गल्लीवार लावा. कुठल्या दिवशी टाकली ते तिच्यावरच लिहा. जिचं नाव आहे तिच्या दारावर एक कागद चिकटवा, आणि जोवर चिकटवत नाही तोवर तिला कळलं असं मानू नका. कार्यालयाने अर्ज घेतलाय, शिक्का दिलाय. बाकी काही दिलेलं नाही. मावशीची खोली परत येणार नाही. तिथे रस्ताही अजून झालेला नाही. कोपऱ्यावर रिक्षा उभ्या राहतात.

आता तुम्ही. हे वाचून हळहळू नका, मला त्याचा उपयोग नाही. तुमच्या पालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं संकेतस्थळ आज उघडा. जी यादी सर्वांत नवीन आहे ती काढा. तीत डोळ्यांना दिसणारं एक नाव शोधायच्या चौकटीत टाका. शून्य आलं तर ती यादी प्रसिद्ध झालेलीच नाही असं लेखी कळवा, पोच घ्या. मग शेजारच्या घरात जा, जिथे वाचता न येणारं माणूस आहे तिथे, आणि त्याच्याशेजारी बसून ती यादी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचा. कितीही वेळ लागू द्या. शेवटचं पान वाचून होईपर्यंत त्याला सांगू नका की तुमचं नाव नाही.